रेडॉनचा नवस

आमच्या घरात विषारी वायू निघावा म्हणून माझी आई पंचवटीतल्या रामाला नवस बोलली होती. हे मी आजवर बाहेर कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की लोक आधी आईकडे संशयानं बघतील आणि मग माझ्याकडे. नवस बोलताना मी शेजारीच उभी होते आणि मीही डोळे मिटले होते.

आम्ही फुलं आणि भाजीपाला पिकवणारी माणसं. पंचवटी ओलांडून मखमलाबादच्या वाटेला लागलं की तेव्हा दोन्ही अंगांना मळे असायचे. आता तिथं इमारती आहेत आणि मळ्यांची नावं त्या इमारतींना दिलेली आहेत. त्या मळ्यात माझे वडील आणि थोरले काका या दोघा भावांनी शेजारी शेजारी घरं बांधली. काळ्या दगडाचं जोतं, वर विटा, खाली शहाबादी फरशी. आमच्या घरातली मधली खोली वडिलांची. तिच्या एका बाजूला स्वयंपाकघर, एका बाजूला पुढची खोली, मागे धान्याची कोठी. चौथ्या भिंतीला तेवढी एक खिडकी होती आणि ती काकांच्या अंगणात उघडायची. बांधताना त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आई आणि काकू त्या खिडकीच्या गजांमधून विरजण, कोथिंबीर आणि आपापल्या नवऱ्यांविषयीच्या तक्रारी इकडून तिकडे पोचवत असत.

नव्वदच्या आगेमागे काकांनी गुलाबाचा नवा प्लॉट केला. त्यासाठी जागा हवी म्हणून शेणखताचा ढीग हलवला आणि तो नेमका त्या खिडकीखाली आणून टाकला. वडील म्हणाले, "भाऊ, खत हलव. झोप लागत नाय." काका म्हणाले, "खिडकी तुझी, नाक तुझं, अंगण माझं."

माझे वडील बोलण्यात हरले की हातात हत्यार घेतात, म्हणजे हातोडी. खिडकीला आतून गज असल्यामुळे फळ्या बाहेरून ठोकाव्या लागणार होत्या. म्हणून ते त्याच शेणखताच्या ढिगावर चढले, पोटऱ्यांपर्यंत आत रुतले आणि बंद झडपांवर बाभळीच्या फळ्या ठोकू लागले. काका आपल्या ओट्यावर बसून ते सगळं शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "खिळे कमी पडले तर सांग." त्यानंतर कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

अबोला पाळायला कष्ट फार पडतात, हे मी घरात बसून शिकले. विहीर एकच, मोटर एकच, त्यामुळे पाण्याच्या पाळ्या बायकांमार्फत ठरायच्या. पंचवटीच्या बाजारात दोघांच्या बसायच्या जागा आजोबांच्या वेळेपासून शेजारी शेजारी. तिथं दोघं एकमेकांकडे पाठ करून टोपल्या मांडायचे. एखाद्या गिऱ्हाइकानं काकांकडे शेवंती मागितली आणि त्यांच्याकडे ती नसली, तर ते आभाळाकडे बघून म्हणायचे, "मिळंल इथंच कुठंतरी." आणि गिऱ्हाईक बरोबर वडिलांच्या टोपलीपाशी यायचं. आईचा आणि काकूचा अबोला कधीच नव्हता. त्या विहिरीवर बोलायच्या. पण खिडकी गेल्याचं दोघींनाही सोसत नव्हतं. विहिरीवर सगळी आळी कान देऊन असते, तिथं मनातलं काय बोलणार, असं आई म्हणायची.

वडिलांना खोकला होता. विडी सुटली तरी खोकला राहिला. रोज पहाटे अंगणातल्या नळावर ते चूळ भरायचे आणि असा काही खोकायचे, की आळीतल्या लोकांना वेगळ्या घड्याळाची गरज पडत नसे. काकाही त्या खोकल्यानंच उठतात, असं काकूनं एकदा आईला विहिरीवर सांगितलं होतं. वडिलांना ते कुणी सांगितलं नाही.

माझा मोठा भाऊ तोवर अमेरिकेला जाऊन स्थिरावला होता. दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्यानं तिथं घर विकत घेतलं आणि घेताना त्या घराच्या तळघरात रेडॉन नावाचा वायू सापडला. मग जमिनीखालून छपराच्या वरपर्यंत पाइप टाकला, त्याला पंखा बसवला, वायू बाहेर घालवला. तेव्हापासून दादाच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. इतर मुलं अमेरिकेतून येताना चॉकलेटं आणतात. दादा त्या डिसेंबरात आला तो एक डबी घेऊन, आणि तिला कुणी हात लावायचा नव्हता.

आल्या आल्या तो मधल्या खोलीत गेला. काळ्या दगडाचं जोतं बघितलं, फरशीच्या फटींत बोट घातलं, ठोकलेल्या खिडकीवर टकटक केलं आणि डॉक्टरसारखा चेहरा करून बाहेर आला.

"बाबा, ही खोली धोक्याची आहे," तो म्हणाला. मग त्यानं समजावून सांगितलं. जमिनीतल्या दगडामातीत युरेनियमचा थोडा अंश असतो, त्यातून शेवटी हा वायू तयार होतो, फटींतून वर येतो आणि बंद खोलीत साठत राहतो. वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि विडी ओढलेल्या माणसाला धोका जास्तच.

वडिलांनी नीट ऐकून घेतलं. "वास येतो?"

"नाही."

"रंग दिसतो?"

"नाही."

"डोळ्याला झोंबतो?"

"नाही, बाबा. काहीच कळत नाही. तीच तर भीती आहे."

"मग शेणखतापेक्षा बरा की," वडील म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

दादानं चिकाटी सोडली नाही. फरशीच्या फटी बुजवायच्या आणि खोलीत वारा खेळता ठेवायचा, एवढाच उपाय, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. वारा खेळायचा तर समोरासमोर दोन वाटा हव्यात, म्हणजे दार आणि खिडकी. आणि खिडकी तर एकच होती. वडिलांचा अडकित्ता थांबला. "त्या खिडकीचं नाव काढायचं नाय," ते म्हणाले.

दादा लहान पोरासारखा हट्टाला पेटला. शेवटी दोघांत असं ठरलं, की डबी ठेवून तपासणी करायची. आकडा मर्यादेच्या वर गेला तर वडील स्वतःच्या हातानं फळ्या काढतील. नाही गेला तर खिडकीचा विषय घरात पुन्हा कुणी काढायचा नाही, कधीच. वडील खुशीत होते. आपल्या घरात असलं काही निघणार नाही याची त्यांना पक्की खात्री होती.

आईनं दादाला स्वयंपाकघरात गाठलं. "किती निघायला पाहिजे रं?"

"अमेरिकेत एक मर्यादा ठरवलेली आहे."

"मग तेवढा निघंल ना आपल्याकडं?"

"आई, निघू नये! विषारी असतो तो!"

"मला शिकवू नको. निघंल का तेवढं सांग."

त्याच संध्याकाळी आई मला घेऊन देवळात गेली आणि तो नवस बोलली. निघाला तर पेढे वाहीन, आणि निघून खिडकी उघडली की लगेच सगळा जाऊ दे, माझ्या माणसाला काही होऊ नको देऊ, असंही तिनं वर जोडलं. देवाला एवढ्या अटी घातलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

डबीत कोळशाची पूड होती. ती उघडी ठेवली की हवेतला वायू धरते, आणि बंद करून लगेच प्रयोगशाळेत पोचवावी लागते, उशीर झाला तर धरलेला वायू आपोआप विरतो. म्हणून दादानं ती निघण्याच्या आदल्या दोन दिवसांत ठेवायची आणि सोबत घेऊन जायची असं ठरवलं. डबी एकच होती. चूक झाली तर दुसरी संधी नव्हती. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे त्या दोन दिवसांत घराची सगळी दारं-खिडक्या बंद. येण्याजाण्यापुरतं दार उघडायचं आणि लगेच लावायचं.

दादानं स्टूल आणून डबी मधल्या खोलीत ठेवली आणि हात धुवायला गेला. परत येतो तर आईनं डबीच्या कडेला हळदकुंकू लावलेलं आणि वर दुधाच्या पातेल्यावरची जाळी झाकलेली.

"आई! काय केलंस!"

"अरे, मांजर तोंड घालील," आई म्हणाली. हळदकुंकवाबद्दल तिनं काही खुलासा दिला नाही, आणि नवसाची गोष्ट माहीत असल्यामुळे मीही मागितला नाही.

आमच्याकडे सकाळी दार उघडतं ते रात्री निजताना बंद होतं. कुणी बाहेर जाताना दार लावत नाही आणि आत येताना वाजवत नाही. दिवसाढवळ्या दार लावलेलं दिसलं तर लोक समजतात की माणसं गावाला गेलीत, नाहीतर आत भांडण जुंपलंय, नाहीतर कुणीतरी गेलंय. आई सकाळपासून कासावीस झाली. ओट्यावर हार गुंफायला येणाऱ्या बायका दारावर थाप मारायच्या, दादा फटीतून तोंड काढायचा, एसटीच्या कंडक्टरसारखा "चला, लवकर, आत या, दार लावा" करायचा. त्या पाणी प्यायला आल्या होत्या की प्रवासाला, त्यांनाच कळेना. पुढे त्यांनी आत येणंच सोडून दिलं. आईला विहिरीवर जायचीही बंदी झाली, कारण ती घागर घेऊन चार वेळा ये-जा करते. वडिलांनी पहाटेची चूळ मोरीत भरायची असा हुकूम सुटला. त्यांनी ती मोरीत भरली आणि तिथंच खोकले. बंद घरात तो खोकला आम्हाला दुप्पट ऐकू आला. बाहेर कुणालाच आला नाही.

हार गुंफणाऱ्यांतल्या एका मावशीनं मला दारात पकडलं. "काय चाललंय गं घरात?" मी आधीच वैतागलेली होते. माझं बीएडचं वाचन त्या कोंडलेल्या घरात होत नव्हतं आणि दादा दर तासाला माझी खिडकी तपासून जात होता. मी तोडून टाकलं, "घरात विषारी वायू आहे म्हणून दार लावलंय." एवढंच बोलले आणि दार लावून घेतलं. आता विचार केला की वाटतं, विषारी वायू असलेल्या घराची दारं लावून आत बसणारी माणसं बाहेरच्यांना कशी दिसली असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं चुलीशी मिरच्या काढल्या. दादाला अमेरिकेला न्यायला वर्षाचा काळा मसाला करायचा होता आणि तो त्याच दिवशी करायला हवा होता.

"आज नको, आई. धूर जायला वाट नाही," दादा म्हणाला.

"उद्या तू विमानात बसणार. मग मसाला काय विमानात भाजू?"

दादा डबीकडे बघत राहिला, मग मिरच्यांकडे. विज्ञान आणि मसाला यांत त्याला निवड करायची होती आणि तो माझाच भाऊ आहे. "थोड्याच भाज," तो म्हणाला.

आईला थोडं काही करताच येत नाही. तिनं मोठा तवा ठेवला आणि लाल मिरच्यांचा ढीग त्यावर ओतला. थोड्या वेळात स्वयंपाकघरातून ठसक्याचा लोट उठला, मधल्या खोलीत शिरला, पुढच्या खोलीत आला आणि जायला जागा नाही म्हणून तिथंच राहिला. मी भिंत धरून खोकत होते. दादा खोकत खोकत "दार उघडू नका" असं ओरडत होता. आई डोळ्यांना पदर लावून परततच होती, कारण मिरची अर्धी भाजून सोडली तर मसाला बिघडतो. आणि वडील खाटेवर बसून असे खोकत होते की मी खरंच घाबरले. ज्या खोकल्याच्या काळजीपायी हा सगळा खटाटोप केला, त्याच खोकल्यानं आज ते जातात की काय, असं मला वाटलं आणि दादाचा भयंकर राग आला.

मी दाराकडे धावणार तोच मधल्या खोलीत कडाड असा आवाज झाला. मग दुसरा. फळी मोडल्याचा, खिळे उपटल्याचा. झडपा धाडकन बाहेर ओढल्या गेल्या आणि कित्येक वर्षांनी त्या खोलीत ऊन आलं. गजांच्या पलीकडे शेणखताच्या ढिगावर काका उभे होते. पायात चप्पल नाही, हातात पहार, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती.

"अरे, हायेस का?" काका ओरडले. "बोल की!"

वडील तोंडावर पंचा धरून बसले होते. "हाय, हाय! खिडकी लाव आधी! पोराची टेस्ट चाललीया!"

"मरू दे ती टेस्ट! दोन दिस झाले, पहाटंचा तुझा खोकला ऐकला नाय मी!"

वडिलांनी पंचा खाली घेतला. घरातला सगळा धूर त्या खिडकीतून बाहेर पडत होता आणि काकांच्या तोंडावर जात होता. काकाही खोकायला लागले. दोघं भाऊ गजांच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून खोकत होते आणि दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"यंदाची मिरची लय तिखट हाय," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"लय तिखट," काका म्हणाले.

"लयच," वडील म्हणाले. कुणीही दुसरं काही म्हणायच्या आधी मला रडू फुटलं, आणि मीही मिरचीचंच कारण पुढे केलं.

दादा डबी छातीशी धरून खोलीत फेऱ्या मारत होता. सगळी हवा बदलली, सगळं वाया गेलं, असं सांगत होता. त्याचं कुणी ऐकत नव्हतं. काकूनं बाहेरून पाण्याचा तांब्या आणला आणि पेला भरून गजांमधून आत दिला. आईनं तो घेतला, वडिलांना दिला आणि काकूचा हात काही सोडला नाही.

जरा दम लागायचा थांबल्यावर वडिलांनी खिडकीतून खाली बघितलं. "खत अजून हितंच हाय तुझं."

"तुझी खिडकी बंद होती. तुला काय त्याचं?"

आता पुन्हा सुरू होतंय असं मला वाटलं. काकांनी पहार भिंतीला टेकवली, पायाखालच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हलवतो उद्या." तो उद्या यायला गुढीपाडवा उजाडला, पण ढीग हलला हे खरं.

दादानं डबी तरीही बंद करून नेली. इतक्या लांबून आणली होती, फेकवेना. वडिलांनी त्या रात्री फळ्या गोळा करून बंबापाशी रचून ठेवल्या. आईनं विचारलं तर म्हणाले, "आकडा येऊ दे. ठरलंय ते ठरलंय." त्यामुळे आमच्या जिवाला घोर लागून राहिला. खिडकी तोवर उघडीच होती. सकाळी वडील नळावर खोकले की पलीकडून काकाही घसा खाकरायचे. एवढंच. बोलणं फार होत नव्हतं, इतक्या वर्षांत दोघांची सवय गेली होती.

मग एका संध्याकाळी दादाचा फोन आला. आकडा कमी आला होता, मर्यादेच्या खूप खाली. वडिलांनी रिसीव्हर कानाला धरून बंबाजवळच्या फळ्यांकडे बघितलं, मग मधल्या खोलीच्या दारातून खिडकीकडे. खिडकीतून काकांची पाठ दिसत होती. ते गुलाबाच्या जुड्या बांधत होते.

"पण बाबा, ही तपासणी काही खरी धरता येत नाही," दादा पलीकडून एवढ्या मोठ्यानं बोलत होता की आम्हालाही ऐकू येत होतं. "खिडकी उघडली होती ना."

"म्हंजे उघडी होती म्हणून कमी आला?"

"असू शकतं."

"आन बंद केली की वाढंल?"

"वाढू शकतो."

"मग उघडीच बरी," वडील म्हणाले आणि फोन ठेवून दिला. त्या फळ्यांवर दुसऱ्या दिवशी आमच्या आंघोळीचं पाणी तापलं. आईनं रामाला पेढे वाहिले. वायू न निघता नवस फेडायचा का, असं मी विचारलं, तर तिनं मला गप्प बसवलं. पेढे वाहायला काकूही बरोबर होती.

पुढे मी कुठंतरी वाचलं, की आपल्याकडचा काळा दगड या वायूच्या बाबतीत बराच सभ्य असतो, युरेनियम त्यात फार कमी. दादाला फोनवर सांगितलं तर त्याला ते आवडलं नाही. मोजल्याशिवाय काही सांगता येत नाही, असं तो म्हणाला, आणि त्यात तो चुकत नव्हता. म्हणून दोन-तीन वर्षांनी आला तेव्हा पुन्हा एक डबी घेऊन आला. या वेळी मसाला आधीच करून ठेवायला सांगितला होता, आळीत कुणाला काय सांगायचं तेही ठरवून आला होता.

वडिलांनी डबी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. आता ते थकले होते, पहाटे नळावर जाणं होत नव्हतं. खाटेवर बसूनच खोकायचे, आणि खिडकीतून काका खाकरायचे.

"फक्त दोन दिवस खिडकी बंद ठेवायची, बाबा," दादा म्हणाला. "दोनच दिवस."

वडिलांनी डबी त्याच्या हातात परत दिली.

"आन दोन दिस त्याला माझा खोकला कसा ऐकू जायचा?" ते म्हणाले.

दादानं डबी बॅगेत ठेवून दिली.